समोरची काच

दंगल झाली की माझा धंदा चालतो.
हे आधीच सांगून टाकतो,
नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही मला भला माणूस समजाल.

खानापूर रोडला, डिझेलपंपाच्या मागं पत्र्याची शेड.
इकडची बस येते, तिची काच बसवतो.
तिकडची येते, तिचीही.
रबर एकच, साबणाचं पाणी एकच.
दोरी ओढायला मात्र दोघं लागतात,
एक आत, एक बाहेर,
आणि बाहेरच्यानं काच सोडली तर
आतल्याचं काही खरं नाही.

त्या मंगळवारी सात गाड्या आल्या.
पाट्यांवर डांबर. कुठून कुठं निघाल्या होत्या
वाचता येत नव्हतं.
मी आधी झाडू घेतो.
सीटखाली शेंगांच्या चटणीची फुटलेली पुडी,
आणि नर्सिंगच्या परीक्षेचं हॉलतिकीट,
नाव सुवर्णा, फोटोत दोन वेण्या.
त्यावर डाग होता तो चहाचा.
दिवसभरात तेवढंच बरं वाटलं.

पाचवी गाडी इराप्पाची.
एकोणीस वर्षं सौंदत्ती–कोल्हापूर.
मला म्हणायचा, "कल्लाप्पा, तुझ्या नावातच दगड की रे,
आमच्यात कल्लु म्हणजे दगड,
आणि तू बसवतोस गाजु!"
गाजु म्हणजे काच.
मग न विचारता माझ्या डब्यातली भाकरी मोडायचा.

गाडी टोचन करून आणली होती.
ड्रायव्हरच्या सीटवर टॉवेल, वाळून कडक झालेला.
टॉवेल तोंडावर दाबून, एका हातानं
त्यानं गाडी कडेला घेतली होती,
हँडब्रेक ओढला होता,
आणि मागं वळून दोन्ही भाषांत विचारलं होतं,
कुणाला लागलं काय?
बेचाळीस माणसं होती. कुणाला नाही.

क्लचपाशी दगड होता.
जांभा. एका अंगाला निळा चुना.
चुन्यात नीळ मीच कालवली होती,
भुजंगच्या बारशाला न्हाणी रंगवायची म्हणून.
न्हाणी गेल्या महिन्यात पाडली,
दगड परसात रचून ठेवले होते.

रात्री भुजंग जेवला. चांगला जेवला.
आमटी दोनदा मागितली.
हात स्वच्छ धुतलेले.
म्हटलं, न्हाणीचे दगड कमी दिसतात.
"पोरं घेऊन गेली," म्हणाला,
"आपल्या भाषेसाठी आपण कायतरी करूया की नको, बाबा?"
मला कितीतरी शब्द येतात या भाषेत.
मी म्हटलं, भात वाढ.

दवाखान्यात सांगायलाच गेलो होतो.
त्याच्या बायकोला मराठीचं अक्षर येत नाही.
बाकावर सरकून तिनं जागा केली,
विचारलं, "ऊटा आत?"
जेवलात का.
आत, म्हणालो. झालं.
आणि उठून आलो.

चार महिन्यांनी इराप्पा शेडच्या दारात उभा.
डेपोनं बसकं काम दिलेलं, टायरांचे नंबर लिहायचं.
डावा डोळा भलतीकडेच बघत होता, स्वच्छ, चकचकीत.
म्हणाला, "कल्लाप्पा, ही काच तू बसवली असतीस
तर कडेनं पाणी तरी गळलं नसतं."
हसला. मीही हसलो, हसावंच लागलं.
भाकरी मोडली त्यानं,
पण डबा शोधायला हात आधी हवेत फिरला.

भुजंग गाडीच्या आत होता, दोरी धरून.
हल्ली माझ्या हाताखाली येतो.
मी बाहेरून काच पेललेली.
पान्यांच्या पेटीत तो दगड अजून आहे,
पेटी उघडीच होती.
इराप्पा पोराला म्हणत होता,
ओढ, सावकाश, मेल्ल, मेल्ल.
पोराची दोरी निसटली.

काच फुटली नाही.
इराप्पानं ती वरच्यावर धरली होती,
ज्या बाजूचं त्याला दिसत नाही
त्या बाजूनं.